संस्थेचे नाव संस्थेच्या ताब्यात हवे : साहित्य संस्था, ग्रंथालये आणि मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी साहित्य संस्था, सार्वजनिक ग्रंथालये, तसेच महाराष्ट्राबाहेरची आणि परदेशातली मराठी मंडळे यांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य

विषय : संस्थेची इंटरनेटवरची ओळख स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे संस्थेच्या नावाच्या वेबपत्त्यावर) आणि खुल्या प्रोटोकॉलवर आणण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेची इमारत कुणाच्या नावावर आहे, बँकेत सह्या कुणाच्या चालतात, घटनेची प्रत कुठल्या कपाटात आहे, हे कुणी विचारले तर कार्यवाह लगेच सांगतील. फेसबुक पेज, यूट्यूब चॅनेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुणाच्या नावावर आहेत असे विचारले की मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याचे नाव निघते. पेज त्याच्या वैयक्तिक खात्यातून उघडलेले असते, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. कार्यकारिणी बदलते, माणूस परगावी जातो, कधी खाते हॅक होते, आणि वर्षानुवर्षे जमवलेला वाचक हातचा जातो. मग नवे पेज काढायचे, ‘हेच आमचे अधिकृत पेज’ म्हणून सगळ्यांना कळवत बसायचे, आणि शोधल्यावर जुने पेजच आधी दिसते आहे हे मुकाट्याने पाहायचे.

हे टाळता येते, आणि खर्चही फारसा नाही. आम्ही खुल्या प्रोटोकॉलवर चालणारे सर्व्हर उभारतो आणि सांभाळतो. कुठे काय अडते ते रोज समोर असते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

कंपनीच्या जागेत नाव लावण्याचे परिणाम मराठी माणसाने बरेच पाहिले आहेत. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये गेले. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर 2019 मध्ये काढला गेला आणि वर्षभरात ती सेवाही संपली. या सगळ्या परदेशी कंपन्या म्हणून सोडून द्याव्यात, तर ट्विटरसारखे ‘कू’ बंगळुरूचे होते. तिथे मराठीत लिहिता येत होते, केंद्रातल्या मंत्रालयांचीही खाती होती, आणि जुलै 2024 मध्ये तेही बंद पडले. तेव्हा प्रश्न देशी-परदेशीचा नाहीच. तुमचे नाव आणि तुमच्या वाचकांची यादी कंपनीच्या डेटाबेसमध्ये असेल तर कंपनीबरोबर दोन्ही जातात. 1996 पासून स्वतःच्या बळावर चालत आलेली ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट मात्र या सगळ्या सेवा येऊन गेल्या तरी आपल्या डोमेनवर उभी आहे.

खुला प्रोटोकॉल म्हणजे दोन वेगळ्या मालकांच्या सर्व्हरनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे जाहीर नियम. ईमेल असेच चालते. पण नियम खुले असले म्हणजे काम झाले असे नाही. गूगल टॉक हे गप्पांचे साधन 2005 साली आले तेव्हा ते एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर होते, पुढे इतर सर्व्हरवरच्या लोकांशीही त्यातून बोलता येऊ लागले. 2013 मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि बाहेरच्यांशी जोडणारा दरवाजा लावून घेतला. ज्यांचे नाव गूगलच्या डोमेनखाली होते त्यांना ते नाव घेऊन दुसरीकडे जाता आले नाही. ज्यांचे डोमेन स्वतःचे होते त्यांनी सर्व्हर बदलला आणि पत्ता तोच ठेवला. आमचा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. प्रोटोकॉल कुठला ते नंतर ठरवा, आधी नाव आपले करा.

म्हणून पहिले काम डोमेनचे. संस्थेची वेबसाइट असेल तर तिचे डोमेन कुणाच्या नावावर नोंदवले आहे ते आजच पाहा. अनेकदा ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असते, आणि त्याच्याशी बिनसले की साइट अडते. नोंदणी संस्थेच्या पूर्ण नावावर हवी. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) खात्याला जोडलेला मोबाइल नंबर संस्थेच्या सिमचा हवा. आणि त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा मुळीच नको. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, म्हणजे नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड बदलण्याची लिंक दोन्ही अशा पेटीत जातात जी आता उघडतच नाही. ही चूक फार ठिकाणी होते. ‘.इन’ डोमेन एकावेळी 10 वर्षांपर्यंत नोंदवता येते. वर्षाचा खर्च बहुधा हजार रुपयांच्या आसपास असतो, तेव्हा निदान दोन कार्यकारिण्यांच्या कालावधीचे पैसे एकदमच भरून टाका. सुटलेले डोमेन कुणीही घेऊ शकते. जुन्या संस्थांच्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसतात त्या अशाच.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन 2014 पासून मिळते आणि ते जरूर घ्यावे, पण मुख्य साइटकडे वळवण्यापुरतेच. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही खुल्या प्रोटोकॉलवर चालणारी, ट्विटरसारखी समाजमाध्यमे. मॅस्टोडॉनवरचे वापरकर्तानाव आणि ब्लूस्कायवरचे हँडल (खात्याचे नाव) दोन्ही आजही रोमन अक्षरांत लागतात. देवनागरी डोमेन तिथे वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात उमटू शकते. डोमेनचा शेपटीचा भाग निवडतानाही जपून निवडा. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या ‘.एएफ’वर चालणारा एक मॅस्टोडॉन सर्व्हर तिथल्या राजवटीने डोमेन काढून घेतल्यामुळे बंद झाला. त्याआधीच्या वर्षी ‘.एमएल’ची फुकट मिळणारी डोमेन मालीने परत घेतली. आकर्षक किंवा फुकट शेपटीपेक्षा ज्या देशाच्या कायद्याखाली तुम्ही राहता तिथली साधी शेपटी बरी.

आता प्रोटोकॉल. तीन नावे तुमच्या कानावर येतील, आणि तिघांत ‘ओळख’ वेगवेगळ्या ठिकाणी राहते.

अ‍ॅक्टिव्हिटीपब हे डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संघटनेने जानेवारी 2018 मध्ये मान्य केलेले मानक. मॅस्टोडॉन त्यावर चालते. इथे ओळख म्हणजे सर्व्हरचे डोमेन आणि त्यावरचे खाते. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खाते काढले तर पुढे हलवता येते, पण अर्धेच: नव्या खात्यात आधी जुन्या खात्याचा पत्ता टोपणनाव म्हणून नोंदवायचा, मग जुन्यातून ‘हलवा’ म्हणायचे. अनुयायी आपोआप येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. त्यानंतर 30 दिवस पुन्हा हलवता येत नाही. मुख्य मेख अशी, की हलवताना जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. तो अचानक गेला तर अनुयायीही गेले. म्हणून संस्थेने अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर कायमचे घर करू नये.

सुदैवाने तुमच्यापैकी ज्यांची साइट वर्डप्रेसवर आहे त्यांना वेगळा सर्व्हर लागतच नाही. अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे साधन) बसवले की साइटच एक खाते होते. मॅस्टोडॉनवरचा कुणीही तुमच्या साइटला फॉलो करू शकतो, तुम्ही लेख प्रसिद्ध केला की तो त्याच्यापर्यंत पोचतो, आणि त्याने दिलेले उत्तर साइटवर प्रतिक्रिया म्हणून येते. प्लगइनमध्ये लेखकांची वेगवेगळी खाती की संस्थेचे एकच, असे विचारतात. एकच घ्या, लेखक बदलतात, संस्था राहते.

बसवल्यावर चालले नाही तर बहुधा चारांपैकी एक कारण असते. पहिले, साइट मुख्य डोमेनवर नसून एखाद्या उपफोल्डरात असते. दुसरे सर्व्हर खाते शोधायला मुख्य डोमेनखालच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या ‘वेल-नोन’ फोल्डरात जातात आणि तिथे त्यांना काहीच मिळत नाही. ती विचारणा वर्डप्रेसकडे वळवणारी एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालावी लागते. दुसरे, पर्मालिंक (लेखांच्या पत्त्यांचा साचा) ‘साधे’ ठेवलेले असते, ते बदला. तिसरे, सुरक्षेचे प्लगइन किंवा मधली संरक्षक सेवा बाहेरच्या सर्व्हरला रोबो समजून परत पाठवते. चौथे कारण चटकन लक्षात येत नाही. लेखाचा पत्ता एकच असतो, पण ब्राउझरला त्यावर वेबपान आणि मॅस्टोडॉनला जेसॉन, म्हणजे यंत्राने वाचायचा मजकूर द्यायचा असतो. कॅशिंग प्लगइन (पानांच्या तयार प्रती ठेवून देणारे) हा फरक पाळत नसेल तर एकाची प्रत दुसऱ्याला जाते आणि वाचकाला लेखाऐवजी कंसांचा गोंधळ दिसतो. पडताळणी सोपी आहे: कुठल्याही मॅस्टोडॉन खात्यातून आपला पूर्ण पत्ता शोधा, फॉलो करा, चाचणीचा लेख टाका, दहा मिनिटे थांबा. फॉलो करण्याआधीचे लेख येत नाहीत. तो बिघाड नव्हे.

दुसरा अ‍ॅट प्रोटोकॉल, ज्यावर ब्लूस्काय चालते. इथली रचना आम्हांला संस्थांसाठी अधिक सोयीची वाटते, कारण नाव, ओळख आणि साठवण या तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. खात्याची खरी ओळख म्हणजे डीआयडी, एक न बदलणारी अक्षरमालिका. हँडल हे तिच्यावर लावलेले नाव, आणि ते तुमचे डोमेनच असू शकते. पोस्ट राहतात पीडीएस नावाच्या सर्व्हरवर, आणि तो बदलता येतो. सेटिंगमध्ये हँडल बदलताना ‘माझे स्वतःचे डोमेन आहे’ हा पर्याय निवडला की एक टीएक्सटी नोंद (मजकुराची छोटी ओळ) मिळते. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदवहीत), नावाच्या सुरुवातीला खालच्या रेघेने सुरू होणारे ‘अ‍ॅटप्रोटो’ लावून घालायची. हँडल बदलले तरी डीआयडी तोच राहतो, त्यामुळे अनुयायी हलत नाहीत. ‘हे खाते खरेच या संस्थेचे का’ याचे उत्तर डोमेनच देते, कुणाकडून निळी खूण घ्यावी लागत नाही. होस्टिंग बदलताना ही नोंद नव्या डीएनएसमध्ये न्यायची राहून गेली की खात्यावर ‘अवैध हँडल’ दिसते. घाबरू नका, नोंद परत घाला, काही वेळात दुरुस्त होते.

इथेच आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेक लोक गाळतात. डीआयडीवर शेवटचा अधिकार ‘रोटेशन की’ (ओळखीतले बदल मंजूर करणारी गुप्त अक्षरमालिका, म्हणजे डिजिटल किल्ली) ज्याच्याकडे असेल त्याचा. नेहमीच्या खात्यात या किल्ल्या कंपनीच्या सर्व्हरकडे असतात. त्यांत आपली एक किल्ली सर्वांत वरच्या क्रमाने घालता येते. कमांड लाइनवरचे ‘गोट’ हे साधन वापरा, ईमेलवर येणारा संकेतांक द्या, किल्ली जोडा. त्यानंतर सर्व्हरने किंवा चोराने तुमची ओळख दुसरीकडे वळवली तरी 72 तासांच्या आत वरच्या क्रमाच्या किल्लीने ती परत फिरवता येते. मुदत गेली की संपले. म्हणून किल्ली कागदावर छापून दोन पाकिटांत सीलबंद करा. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरे कोषाध्यक्षांकडे, आणि दोन्हींची नोंद कार्यभार सोपवण्याच्या यादीत. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

महिन्यातून एकदा खात्याची निर्यात घ्या. ‘.car’ प्रकारची जी फाइल मिळते तिच्यात पोस्ट, लाइक आणि फॉलो असतात, पण चित्रे नसतात. ती वेगळी जपावी लागतात. स्वतःचा पीडीएस चालवायचा तर 1 जीबी रॅम, एक प्रोसेसर आणि 20 जीबी जागा असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर वीसेक खात्यांना पुरतो.

तिसरा नॉस्टर. इथे सर्व्हरला महत्त्वच नाही. तुमच्याकडे गुप्त किल्ली असते, तिने सही केलेले संदेश अनेक रिले (संदेश साठवून पुढे देणारे साधे सर्व्हर) साठवतात, एकाने नाकारले तर दुसरा घेतो. सेन्सॉरशिपपुढे टिकण्यात तिघांत हा सगळ्यांत चिवट. पण किल्ली हरवली तर ओळख गेली, आणि किल्ली फुटली तर चोर कायमचा तुमच्या नावाने बोलत राहतो. ती रद्द करून नवी देण्याची सर्वमान्य सोय नाही. एका किल्लीवर एक पत्रकार जगू शकतो. दर काही वर्षांनी पदाधिकारी बदलणाऱ्या संस्थेने आपली मुख्य ओळख तिथे ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठ्या संस्थांना स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर हवासा वाटेल. जर्मनीच्या केंद्रीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी सरकारी कार्यालयांसाठी तो उभारला आणि चालवला. युरोपीय संघानेही एप्रिल 2022 मध्ये आपल्या संस्थांसाठी प्रायोगिक सर्व्हर सुरू केला, पण पुढे चालवायला कुणी न मिळाल्यामुळे मे 2024 मध्ये तो बंद केला. युरोपीय संघाची ही गत, तर आपल्या मंडळाने आधी नीट विचार करावा. नेमून दिलेला माणूस आणि त्याच्यानंतरचा दुसरा माणूस, दोघे ठरल्याशिवाय सुरू करू नका. सुरू केलाच तर डोमेन पहिल्या दिवशी विचारपूर्वक ठरवा, कारण नंतर ते बदलता येत नाही. सर्व्हर उपडोमेनवर ठेवून पत्त्यात मुख्य डोमेन दाखवण्याची सोय आहे, ती सुरुवातीलाच लावावी लागते. बॅकअपमध्ये डेटाबेस, चढवलेली चित्रे आणि गुप्त किल्ल्या असलेली सेटिंगची फाइल, तिन्ही हवीत. इतर सर्व्हरवरून आलेल्या चित्रांची कॅशे (तात्पुरती साठवण) डिस्क भरून टाकते आणि डिस्क भरली की डेटाबेस थांबतो. ही कॅशे ठराविक दिवसांनी आपोआप पुसली जाईल असे लावा. नोंदणी सर्वांना खुली ठेवू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली स्पॅमची मोठी लाट अशाच, नोंदणी उघडी आणि लक्ष कुणाचे नाही अशा लहान सर्व्हरांतून पसरली. शिवाय बाहेरच्यांना खाती दिलीत की माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुम्ही मध्यस्थ (इतरांचा मजकूर साठवणारे आणि पोचवणारे) ठरू शकता. तक्रार अधिकारी नेमणे, आदेश आल्यावर मुदतीत कारवाई करणे हे मागोमाग येते. वकिलांशी आधी बोलून घ्या. फक्त संस्थेची आणि तिच्या शाखांची खाती ठेवणे हाच सुटसुटीत मार्ग.

‘सेन्सॉरशिपला न जुमानणारे’ असे या प्रोटोकॉलचे वर्णन होते. त्याचा अर्थ नेमका सांगायला हवा, कारण अतिशयोक्तीने विश्वास जातो. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने 14 मेसेजिंग अ‍ॅप बंद केली, त्यांत मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवरचे एलिमेंट होते आणि इंटरनेटशिवाय ब्लूटूथवरही चालणारे ब्रायर होते. कारण जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचे दिले गेले. एलिमेंट हे मॅट्रिक्सच्या अनेक अ‍ॅपपैकी एक. ते बंद केल्याने प्रोटोकॉल थांबत नाही, पण सामान्य माणसाची वाट अडते. एप्रिल 2025 मध्ये तुर्कस्तानच्या मागणीवरून ब्लूस्कायने काही खाती तिथल्या वापरकर्त्यांना अधिकृत अ‍ॅपमध्ये दिसेनाशी केली. पोस्ट मात्र सर्व्हरवर होत्या आणि दुसऱ्या अ‍ॅपमधून दिसू शकत होत्या. तुमचे डोमेनच बंद करण्याचा आदेश निघाला तर इथल्या वाचकाला ते उघडणार नाही, इंटरनेट तोडले तर काहीच चालणार नाही. पण एका कंपनीच्या स्वयंचलित तपासणीने कवितेतली शिवी पकडून खाते गोठवले, एवढ्यावरून संस्था गप्प होणार नाही. संस्थांच्या बाबतीत नेहमी घडणारी सेन्सॉरशिप हीच आहे: कुणाचा आदेश नाही, सुनावणी नाही, दाद मागायला माणूस नाही. तिच्यावर हे प्रोटोकॉल पक्का उपाय आहेत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. एकदा इतर सर्व्हरवर गेलेली पोस्ट ‘पुसा’ म्हटल्याने सगळीकडून जाईलच असे नाही. ती फक्त विनंती असते. सभासदांचे पत्ते, शाळकरी स्पर्धकांचे फोटो, कवीची परवानगी न घेतलेली कविता आधीच रोखा. मॅस्टोडॉनवरचे खाजगी संदेश सर्व्हर चालवणारा वाचू शकतो, त्यामुळे वर्गणीचे तपशील तिथे मागू नका.

आणि कळकळीची एक गोष्ट. कार्यक्रमपत्रिका फक्त चित्र म्हणून टाकणे थांबवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधून निघालेली पीडीएफ आणि जेपीजी कुठल्याही प्रोटोकॉलवरून पाठवली तरी ती शोधता येत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला वाचता येत नाही, दहा वर्षांनी अभ्यासकाला सापडत नाही. दिनांक, स्थळ, वक्ते, विषय युनिकोड देवनागरीत टंकित करा, चित्राला वर्णन जोडा. पोस्टची भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. लोक भाषेनुसार गाळणी लावतात आणि खूण चुकली तर तुमची पोस्ट मराठी वाचकापासूनच लपते. ब्लूस्कायवर 300 अक्षरांची मर्यादा आहे, मॅस्टोडॉनवर नेहमीच्या सेटिंगमध्ये 500. दोन्हींकडे मात्रेसह अक्षर एकच मोजतात, त्यामुळे मराठीला जागा पुरते.

फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅप सोडा असे आम्ही म्हणत नाही. वाचक तिथे आहे, तर तिथेही जा. मूळ मजकूर मात्र आपल्या डोमेनवर आधी यावा, आणि बाकी सगळीकडे त्याचा दुवा जावा.

पुढच्या सभेत मांडता येईल असा ठरावाचा मसुदा देत आहोत:

‘संस्थेचे डोमेन संस्थेच्या नावे नोंदवून किमान 5 वर्षांचे शुल्क भरावे. रजिस्ट्रार, डीएनएस आणि सर्व समाजमाध्यम खात्यांचा ताबा कार्यवाह व कोषाध्यक्ष या दोन पदांकडे संयुक्तपणे असावा. पासवर्ड, द्विस्तरीय पडताळणीचे पर्यायी संकेतांक आणि किल्ल्या सीलबंद करून ठेवाव्यात व पदभार सोपवताना त्यांची पोच घ्यावी. संस्थेचे प्रत्येक निवेदन प्रथम संस्थेच्या डोमेनवर युनिकोड मजकुरात प्रसिद्ध व्हावे आणि तेथून अ‍ॅक्टिव्हिटीपब व आरएसएसद्वारे (नवा मजकूर वाचकांपर्यंत आपोआप पोचवणारी खुली सोय) खुले असावे. ब्लूस्कायसह अन्य ठिकाणची ओळख शक्य तेथे संस्थेच्या डोमेनशी जोडावी. सर्व मजकुराची प्रत दर तीन महिन्यांनी काढून, ती प्रत्यक्ष उघडून पाहून, इतिवृत्तात नोंद करावी.’

शेवटच्या वाक्यातले ‘प्रत्यक्ष उघडून पाहून’ हे शब्द कृपया गाळू नका. उघडून न पाहिलेला बॅकअप रिकामा निघाल्याचे प्रकार सर्रास घडतात.

आपले,
खुल्या प्रोटोकॉलवर काम करणारे काही मराठी तंत्रज्ञ